लॅपटॉपचा पडदा आणि फर्मवेअर : आमच्या विभागाला आलेला अनुभव



दर अंकात आम्ही लागण, खोडवा, पाणी, खत यांवर लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे, पण तुमच्या उसाशी त्याचा संबंध आहे. मागल्या हंगामात बॉयलर पेटून चारच दिवस झाले होते, तेवढ्यात आमच्या विभागातला लॅपटॉप अडून बसला आणि तोडणी प्रोग्राम तीन दिवस लांबला. तुरा आलेल्या आडसालीचे सभासद ऑफिसात आले, बोलले, आणि ते बरोबरच होतं. एक जण म्हणाले, “साहेब, तुमचा डबा बंद पडला म्हणून मी ऊस वाळवू काय?” त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हतं. ते आता देतो.

हा लॅपटॉप पत्रं टाइप करण्याचा नव्हे. प्लॉटांचे जीपीएस नकाशे आणि उपग्रहाची चित्रं एकावर एक बसवायची तर दणकट यंत्र लागतं. त्याला वर्कस्टेशन म्हणतात. चित्रासाठी त्यात बहुधा दोन चिपा असतात, एक साध्या कामाची, एक जड कामाची. पडदाही बारीक ठिपक्यांचा. ३८४० बाय २१६० चा पडदा म्हणजे त्र्याऐंशी लाखांच्या आसपास ठिपके, आणि ते सगळे बिजागरीतून वर गेलेल्या एका पातळ केबलीवर अवलंबून.

तर झालं असं, की पडदा फडफडू लागला. मधेच आडव्या रेघा, मधेच अंधार. दुकानदाराने न उघडताच सांगितलं, पडदा बदला. त्याने सांगितलेली किंमत ऐकून आम्ही गप्प बसलो. ऑफिसातला पोरगा म्हणाला, फर्मवेअर जुनं आहे, नवं घालू. आम्ही होकार दिला. चूक तिथे झाली, आणि ती आमची, पोराची नव्हे.

फर्मवेअर म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. मिल फिरण्याआधी बॉयलर पेटावा लागतो. तसं विंडोज उठण्याआधी बोर्डावरच्या चिपेतला एक छोटा कारभारी उठतो, पडदा, कळफलक, डिस्क जागेवर आहेत का ते पाहतो आणि मग पुढचं काम विंडोजच्या हाती देतो. हा कारभारी बदलताना मधेच वीज गेली तर यंत्र कायमचं मुकं होऊ शकतं. म्हणून चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली, दोन्ही पाहिजे. एवढं आम्ही पाळलं होतं. पण डिस्कला बिटलॉकरचं कुलूप होतं हे कुणाच्या ध्यानात नाही. कारभारी बदललेला दिसला की हे कुलूप संशय घेतं आणि ४८ आकडी किल्ली मागतं. आमची किल्ली नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाच्या खात्यात! त्याला शोधून, खातं उघडून आकडे मिळेपर्यंत तीन दिवस गेले. बदल करण्याआधी बिटलॉकर तात्पुरता थांबवला असता, तर हे झालं नसतं. नुसत्या विंडोजच्या अपडेटनेही असं होऊ शकतं. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर काही यंत्रं अशीच किल्ली मागत बसली होती आणि मायक्रोसॉफ्टने ते मान्य केलं.

त्या तीन दिवसांत गटागटातून कागदी नोंदवह्या मागवल्या, लागणीच्या तारखा हाताने लावल्या आणि चौथ्या दिवशी प्रोग्राम काढला. चिटबॉयांनी वह्या नीट ठेवल्या होत्या म्हणून निभावलं.

आणि एवढं करून पडद्याची फडफड होती तशीच! तेव्हा कुठे आम्ही जे आधी करायचं ते केलं. ऊस पिवळा दिसला की आपण लगेच युरिया फेकतो का? कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर केवडा, म्हणजे लोह कमी. बेट सहज उपटून आलं तर खाली हुमणी. पडद्याचंही तसंच. यंत्र सुरू होताना बायोसमध्ये शिरा. तिथेही फडफड असेल तर विंडोजचा दोष नाही. तिथे चित्र स्वच्छ आणि विंडोजमध्ये फडफड, तर बहुधा ड्रायव्हर, किंवा वीज वाचवण्यासाठी पडदा स्वतःच चित्र धरून ठेवतो ती सोय. अशा वेळी टास्क मॅनेजर उघडून पाहावा. तोही फडफडला तर ड्रायव्हर, तो स्थिर राहिला तर एखादा प्रोग्राम. मग बाहेरचा मॉनिटर जोडून पाहावा. मात्र पुष्कळ वर्कस्टेशनांत बाहेरचं तोंड दुसऱ्याच चिपेला जोडलेलं असतं, तेव्हा बाहेर चित्र बरं आलं म्हणजे आतली चिप चांगली, असं म्हणता येत नाही. शेवटी झाकण हळू पुढे-मागे करावं. आमच्याकडे झाकण हललं की रेघा हलत होत्या. केबल! मोटारसायकलवर प्लॉट-प्लॉट हिंडून आणि एका कोपऱ्याला धरून झाकण उघडण्याच्या सवयीने ती चेपली होती. पडद्याच्या किमतीच्या मानाने तिचा खर्च किरकोळ निघाला.

हे आमच्यापुरतं नाही. ॲपलच्या २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये अशीच केबल झिजून पडद्याखाली उजेडाचे पट्टे दिसत. मे २०१९ मध्ये कंपनीने ते फुकट दुरुस्त करायला घेतले. २०१८ च्या यंत्रात केबल फक्त २ मिलिमीटर लांब केलेली आढळली. उलट खरोखर फर्मवेअरचाच दोष, असंही घडलेलं आहे. २०१७ ते २०१९ मधल्या थंडरबोल्टवाल्या बऱ्याच थिंकपॅडांत, पी१, पी५२, पी७२ धरून, यूएसबी-सी तोंड बंद पडे, चार्जिंग होईना, काहींत एचडीएमआयवरून चित्र जाईना. लेनोव्होने थंडरबोल्टचं फर्मवेअर तातडीने बदलायला सांगितलं. तोंड पार मेल्यावर जागे झालेल्यांना मात्र दुरुस्तीचाच रस्ता उरला. म्हणजे फर्मवेअर बदलूच नये असं आम्ही म्हणत नाही. कशासाठी बदलतो ते आधी वाचावं.

सभासदांची मुलं-मुली शिक्षणासाठी असली जुनी वर्कस्टेशनं सेकंडहँड घेतात, म्हणून दोन शब्द. दुकानातच झाकण दहा वेळा उघडमीट करा. पांढरं आणि काळं चित्र पूर्ण पडद्यावर लावून डाग पाहा. प्रत्येक तोंडाला काही तरी जोडून पाहा. बायोसला जुन्या मालकाचा पासवर्ड असेल तर यंत्र घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो.

आमच्या लॅपटॉपची ४८ आकडी किल्ली आता कागदावर लिहून ऑफिसच्या तिजोरीत ठेवली आहे, आणि नोंदीची प्रत दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर घेतो. ज्यांनी आम्हाला डबा म्हणून सुनावलं, त्यांचा ऊस पाचव्या दिवशी तुटला.