गप्प बसणारे मूल



शिक्षिका झाले त्या पहिल्याच वर्षी मी पहिलीतल्या एका कोलाम मुलाला वर्गात तासभर उभे ठेवले होते. पाण्याचे चित्र दाखवून "हे काय?" असे तीनदा विचारले, तरी तो तोंड उघडेना. हट्टी आहे, शिस्त लागली पाहिजे, असे मला वाटले. संध्याकाळी त्यांच्या पोडावर गेले, तर तोच मुलगा आजीजवळ बसून सारखा बडबडत होता. आजी म्हणाली, "बाई, आम्ही पाण्याले 'ईर' म्हणतो." मला फार लाज वाटली. त्यानंतर मी जे शिकले, ते येथे मांडते.

१. कोलामी ही मराठीची बोली नाही. तेलुगू व गोंडीप्रमाणे ती द्राविडी कुळातली स्वतंत्र भाषा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पोडावरचे मूल शाळेत अक्षरओळख आणि परकी भाषा एकाच वेळी शिकत असते.

२. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला मारण्यास, तसेच त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. कलम २९ सांगते की, शिक्षण शक्य तेथवर मातृभाषेतून व्हावे आणि मूल भीतीपासून मुक्त असावे. मी छडी उचलली नव्हती, पण चारचौघांत उभे ठेवणे हीही शिक्षाच होती.

३. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध छापला गेला. ती पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. पुढच्याच वर्षी धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. मुक्ताला शाळेचे दार उघडे मिळाले, त्या मुलाला मिळाले नाही. दार उघडल्यावरही मुलाची भाषा बाहेरच राहिली, तर समता अर्धीच राहते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर 'ईर' लिहिले आणि शेजारी 'पाणी'. तो मुलगा दोन्ही शब्द हळूच म्हणाला.

विचारासाठी प्रश्न :
- आपल्या संडे स्कूलमध्ये कोणते मूल गप्प असते? त्याच्या घरी कोणती भाषा बोलतात?
- शिस्त आणि भीती यांत आपण फरक करतो का?