एकदाच उघडणारे दार

दिवाळीच्या सुट्टीत सुरतजवळच्या कडोदऱ्याला मामांकडे गेलो होतो. मामा तेथील कापड गिरणीत मेकॅनिक. नव्या मागांच्या प्रशिक्षणासाठी त्यांना बारा दिवस इटलीला जायचे होते. मध्येच स्वित्झर्लंड पाहून लंडनला मावशीकडे जावे व मिलानहून परतावे, असा बेत होता. बहीणभावांची नऊ वर्षांत भेट नव्हती. मी वाणिज्य शाखेचा, म्हणून कागद माझ्या हाती आले.

प्रथम नियम पाहू. १९८५ साली लक्झेंबर्गमधील शेंगेन गावी झालेल्या करारातून आजचे २९ देशांचे क्षेत्र उभे राहिले. अल्पमुदतीच्या एका व्हिसावर या सर्व देशांत फिरता येते. मात्र कोणत्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस, तेही व्हिसावर लिहिलेल्या मुदतीत. मुक्काम जेथे अधिक, त्या देशाकडे अर्ज करावा. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसूनही या क्षेत्रात आहे. ब्रिटन व आयर्लंड नाहीत.

मामांच्या व्हिसावर प्रवेशसंख्या होती '०१'. लंडनचा वेगळा व्हिसा काढला असता, तरी मिलानला पुन्हा प्रवेश मिळाला नसता.

मावशीकडे मात्र ब्रिटिश पासपोर्ट. तिला एवढ्या मुक्कामासाठी शेंगेनचा व्हिसा लागत नाही. तीच मिलानला आली!

वाचकहो, तिकिटाआधी ती छोटी चौकट वाचा.