बालकातील आहार-असात्म्य : निदानाचा क्रम

सुश्रुतांच्या मते बालक एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद व त्यापुढे अन्नाद असते. या संधिकालात नवी अन्नद्रव्ये सुरू होतात. द्रवमलप्रवृत्ती, आध्मान वा उदरशूल आठवडेच्या आठवडे टिकल्यास पालक आधी दूध, मग गहू, मग डाळी बंद करतात. नागपूर परिसरात अशी बालके आमच्यासमोर येतात तेव्हा आहारात भाताची पेज व वरणाचे पाणी एवढेच उरलेले असते. मूळ व्याधीपेक्षा अशा पथ्यानेच वजन अधिक घटते. म्हणून निदानाआधी वर्जन नको.

भेद : जुलाबाच्या तीव्र आजारानंतर आंत्रातील लॅक्टेज काही काळ घटते. मग दुधाने आध्मान होते, आंबूस व फेसाळ मलप्रवृत्ती होते आणि गुदप्रदेश लाल होतो. दही मात्र बहुधा सोसते. दुधातील प्रथिनांची अॅलर्जी याहून वेगळी. तीत दहीही सोसत नाही. मलात रक्त, त्वचेवर पुरळ वा छर्दी आढळू शकते. शेळी-म्हशीच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधाशी मिळतीजुळती असल्याने ती दुधे पर्याय ठरत नाहीत. बालक खेळकर असून वजन वाढत असेल, तर फळांचा रस व गोड पेये किती दिली जातात हे आधी विचारावे.

उपशयानुपशय : निदानपंचकातील उपशय येथे फार उपयोगी पडतो. सात दिवस आहार व मलप्रवृत्तीची नोंद ठेवावी. नंतर संशयित असे एकच द्रव्य दोन ते चार आठवडे वर्ज्य करावे आणि पुन्हा थोडे थोडे सुरू करावे. बंद केल्याने लक्षणे शमली व दिल्याने परतली, तरच असात्म्य मानावे. पूर्वी अंगावर पित्त, ओठसूज वा श्वासकष्ट झाला असल्यास हा पुनःप्रयोग घरी कदापि करू नये. स्तनपान चालूच ठेवावे.

गहू : सीलिअॅक व्याधीचा संशय असल्यास रक्ततपासणीपूर्वी गहू बंद करू नये. गहू वर्ज्य असताना टीटीजी-आयजीए तपासणी खोटी निर्दोष येऊ शकते आणि व्याधी वर्षानुवर्षे दडून राहते. 'अन्नअसहिष्णुते'साठी केलेल्या आयजीजी चाचण्यांवर विसंबून पथ्य सांगू नये.

औषधालयांसाठी : अनेक वटींत लॅक्टोज पूरक द्रव्य म्हणून असते, तर कल्प व सिरपांत साखर. घटकपत्र वाचूनच औषध द्यावे. एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये.

त्वरित पाठवावे : मलात रक्त, हिरवी छर्दी, वजनघट, सततचा ज्वर, अथवा डोळे खोल जाणे व मूत्र अल्प होणे दिसल्यास बालकास विनाविलंब बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. पाठवताना नोंदवहीही सोबत द्यावी.

सारांश, दीपन-पाचनाची योजना वैद्याने अवश्य करावी. परंतु बालकाच्या ताटातून एखादे अन्न काढताना ते परत कधी वाढायचे, हेही त्याच दिवशी लिहून द्यावे.