बोरघाटातील बोगदे : उभारणी आणि स्थित्यंतर

हैदराबादहून वाडी, सोलापूर व पुणे या मार्गाने मुंबईस जाणारी गाडी लोणावळ्यानंतर बोरघाट उतरू लागते. या घाटातील बोगद्यांचा इतिहास शिक्षकांनी विद्यार्थ्यांस अवश्य सांगावा असा आहे.

मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला. परंतु दख्खनचा कापूस बंदरापर्यंत नेण्याच्या वाटेत सह्याद्री आडवा होता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या आराखड्यानुसार १८५६ मध्ये घाटाचे काम सुरू झाले. सुमारे २५ किलोमीटर अंतरात १,८३१ फूट उंची गाठावयाची होती. चढ काही ठिकाणी ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र होता. त्यासाठी २५ बोगदे व दऱ्यांवर आठ पूल बांधण्यात आले. काळ्या पाषाणात हातांनी छिद्रे पाडून व सुरुंगाची दारू ठासून हे बोगदे खोदले गेले.

जानेवारी १८६१ मध्ये या कामावर ४२ हजारांहून अधिक मजूर होते. पटकीच्या साथीत व अपघातांत हजारो मृत्युमुखी पडले. मजुरी थकल्यामुळे जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी ठेकेदार फॅविएल यांनी काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल अल्पावधीतच निधन पावले. तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी अभियंते नेमून काम तडीस नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले. पुढे १८७१ मध्ये हा लोहमार्ग रायचूरपर्यंत पोचला व १८७४ मध्ये वाडीहून हैदराबाद त्यास जोडले गेले.

मार्गात एक अडचण मात्र राहिली होती. खंडाळ्याजवळ डोंगराची सोंड अरुंद असल्याने रुळांस वळण देण्यास जागा नव्हती. म्हणून तेथे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ करण्यात आले. गाडी तेथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकास लावले जाई व गाडी उलट दिशेने पुढे निघे. यात वेळ जाई, तसेच लांब गाड्यांस जागाही अपुरी पडे. १९२९ मध्ये नवे बोगदे खोदून सलग मार्ग तयार झाला, तेव्हा हे स्थानक व त्यालगतचा जुना मार्ग बंद झाला. याच सुमारास घाटात विजेची इंजिने आली.

अभियंत्यांनी आपल्या काळातील साधनांनी जुना मार्ग आखला. साधने सुधारताच तो बदलण्यात आला. मजुरांचे श्रम मात्र दोन्ही मार्गांच्या मुळाशी आहेत. गाडी बोगद्यात शिरताना त्यांचे स्मरण ठेवणे उचित होय.