फोर बाय फोर गाडी : डांबरासाठी कोणती, चिखलासाठी कोणती?

महाळुंगे हे नाव पुणे जिल्ह्यात एकापेक्षा जास्त गावांना आहे. येथे आपण खेड तालुक्यातील, चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या महाळुंग्याविषयी बोलत आहोत. बजाज ऑटोचा चाकण कारखाना याच गावच्या हद्दीत आहे आणि शेजारच्या निघोज्यात महिंद्रांचा मोठा कारखाना आहे. या दोन गावांच्या आसपास सुट्या भागांचे, फॅब्रिकेशनचे, वाहतुकीचे आणि गॅरेजचे शेकडो लहान-मोठे व्यवसाय उभे राहिले आहेत. धंद्याला थोडे बरे दिवस आले की माणूस गाडी घेण्याचा विचार करतो, आणि हल्ली पुष्कळांची नजर फोर बाय फोर गाडीवर जाते.

दिसायला गाडी भारदस्त असते, जाहिरातीत ती डोंगर चढते, नदी ओलांडते. परंतु व्यापाऱ्याने जाहिरात पाहून भांडवल गुंतवू नये. चारही चाकांना ताकद देण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत आणि त्यांची कामेही निरनिराळी आहेत. हा भेद न समजता गाडी घेतली तर लाख-दोन लाख रुपये विनाकारण अडकून पडतात, किंवा ऐन गरजेच्या वेळी गाडी चिखलात रुतून बसते. म्हणून प्रस्तुत लेखात हा विषय आम्ही मुळापासून मांडत आहोत.

एकाच कारखान्यातल्या दोन गाड्या

समजण्यासाठी दूर जायला नको. महिंद्रांच्या चाकण कारखान्यातून २०२१ साली एक्सयूव्ही ७०० आणि २०२२ साली स्कॉर्पिओ-एन या दोन गाड्या बाजारात आल्या. दोन्हींच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सारखेच, २७५० मिलिमीटर. दोन्हींत २.२ लिटरचे डिझेल इंजिन देण्यात आले. दोन्हींच्या काही मॉडेलांत चारही चाकांना ताकद देण्याची सोय करण्यात आली. इतके असूनही या दोन गाड्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

स्कॉर्पिओ-एनचा सांगाडा शिडीसारख्या मजबूत चौकटीचा, म्हणजे लॅडर फ्रेमचा आहे. एरवी तिची मागची चाके चालतात. गरज पडली की चालक स्वतः बटण फिरवून पुढची चाके जोडतो. शिवाय तिच्यात 'लो' गिअरची वेगळी सोय आहे. याला पार्ट टाइम फोर व्हील ड्राइव्ह म्हणतात. महिंद्रांची नाशिकला बनणारी थार, फोर्स मोटर्सची गुरखा आणि मारुतीची जिमनी याच जातीच्या आहेत.

एक्सयूव्ही ७०० मध्ये वेगळी चौकट नाही, बॉडी हाच सांगाडा आहे. एरवी तिची पुढची चाके चालतात. चाक घसरू लागल्याचे गाडीच्या संगणकाला कळले, की मधला क्लच दाबला जातो आणि मागच्या चाकांकडे ताकद जाते. चालकाला काहीच करावे लागत नाही. याला ऑल व्हील ड्राइव्ह म्हणतात. रांजणगावला २०१७ पासून बनू लागलेल्या जीप कंपासच्या फोर बाय फोर मॉडेलांची रचनाही मुख्यतः याच धाटणीची आहे.

कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर का लावू नये?

पार्ट टाइम गाडीत पुढचा आणि मागचा एक्सल ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना पक्के जखडले जातात. दोन्हींना सारखेच फिरावे लागते. सरळ रस्त्यावर याची अडचण नाही. अडचण वळणावर येते.

हिशेब करून पाहू. समजा, २.७५ मीटर व्हीलबेसची गाडी काटकोनात वळत आहे आणि मागच्या एक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जात आहे. तेव्हा पुढच्या एक्सलचा मध्य सुमारे ५.७ मीटर त्रिज्येवरून जाईल. त्या एका वळणात मागचा एक्सल सुमारे ७.८५ मीटर चालेल, तर पुढचा सुमारे ८.९५ मीटर. म्हणजे एकाच वळणात सव्वा नाही तरी १.१ मीटरचा फरक पडला.

मातीवर, मुरमावर किंवा चिखलात चाक थोडे घसरते आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. मग तो सगळा ताण शाफ्ट, गिअर आणि टायरवर येतो. स्टिअरिंग जड होते, गाडी अडखळत चालल्यासारखी वाटते, टायर लवकर झिजतात, आणि हट्टाने चालवल्यास ट्रान्सफर केस खराब होते. म्हणून चाकण चौकापासून तळेगावपर्यंत कंटेनरच्या रांगेतून जाताना गाडी 'टू एच' मध्येच असावी. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत मधला क्लच हा फरक सांभाळून घेतो, म्हणून ती डांबरावर, घाटात आणि पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर निर्धास्त चालवता येते.

'लो' गिअरचे महत्त्व

मग ऑल व्हील ड्राइव्हच सर्वांनी का घेऊ नये? कारण खरा कस डांबर संपल्यावर लागतो.

'लो' गिअरमध्ये गाडीचा वेग साधारण अडीचपट कमी होतो आणि चाकावरचा जोर त्याच प्रमाणात वाढतो. एरवी पहिल्या गिअरमध्ये ताशी ८ किलोमीटर वेगाने सरकणारी गाडी 'लो' मध्ये सुमारे ३ किलोमीटर वेगाने, माणसाच्या चालीपेक्षाही हळू, पण न थांबता चढते. दगडांच्या चढावर, भरलेली ट्रॉली ओढताना किंवा निसरडा उतार उतरताना हीच गोष्ट उपयोगी पडते. उतारावर ब्रेक न दाबता इंजिनच गाडीला धरून ठेवते.

ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत बहुधा असा 'लो' गिअर नसतो. तिचा मधला क्लच बराच वेळ घसरत राहिला तर तापतो, आणि तापल्यावर स्वतःला वाचवण्यासाठी ताकद देणे कमी करतो. ओल्या गवतावरून किंवा थोड्या चिखलातून ती निघेल, परंतु अर्धा तास चिखलाशी झुंजणे हे तिचे काम नव्हे.

चार चाके फिरतात म्हणजे चारही ओढतात का?

हा गैरसमज फार आहे. साध्या डिफरन्शिअलची खोड अशी की एका बाजूचे चाक अधांतरी झाले की तेच गरगर फिरते आणि जमिनीवर टेकलेले दुसरे चाक स्वस्थ राहते. म्हणजे पुढचे एक आणि मागचे एक चाक अधांतरी झाले तर फोर बाय फोर गाडीही जागची हलत नाही. यावर उपाय म्हणजे डिफरन्शिअल लॉक.

गुरखात पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही एक्सलना चालकाने हाताने लावायचे लॉक मिळतात. थारच्या काही मॉडेलांत मागच्या एक्सलला आपोआप लागणारे लॉक आहे. जिमनीत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्या चाकाकडे ताकद वळवली जाते. तिचे वजन सुमारे १२०० किलोच असल्याने भारी गाडी रुतते तेथून ती पुष्कळदा निघून जाते. म्हणून विक्रेत्याला "फोर बाय फोर आहे का?" एवढेच विचारून थांबू नये. "लो गिअर आहे का? लॉक कोणते आणि कोणत्या एक्सलला?" हेही विचारावे.

दुसरी गोष्ट गाडीच्या पोटाची. नव्या थारची जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर, तर जिमनीची २१० मिलिमीटर सांगितली जाते. नुसत्या उंचीपेक्षा पुढचा आणि मागचा कोन अधिक महत्त्वाचा. थारचा पुढचा कोन ४१ अंशांहून अधिक आहे, म्हणून उभ्या बांधाला तिचा बंपर आधी टेकत नाही. लांब गाडी मध्येच पोटावर टेकते. घर-संसारासाठी लांब गाडी सोयीची, दगडधोंड्यासाठी आखूड गाडी सोयीची, असा हा सरळ व्यवहार आहे.

पाण्याचा मोह टाळा

खेड तालुक्याचा पूर्व भाग आणि पश्चिम भाग यांच्या पावसात मोठा फरक आहे. भीमाशंकरच्या बाजूला, भोरगिरीकडे पावसाळ्यात ओढे एकाएकी भरतात. कंपन्या थारसाठी ६५० आणि गुरखासाठी ७०० मिलिमीटर पाण्याची मर्यादा सांगतात. हे आकडे साठलेल्या पाण्यासाठी समजावेत. वाहते पाणी गाडीला बाजूने ढकलते, आणि गाडी थोडी जरी तरंगली तरी चारही चाकांची ताकद व्यर्थ जाते. तळ दिसत नसेल तर गाडी घालू नये. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनचा मोठा खर्च अंगावर येतो.

३० जुलै २०१४ रोजी शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर कोसळला, तेव्हा चिखल आणि पावसामुळे मदतकार्य किती अवघड झाले हे आपण पाहिले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे पाचवे बटालियन आपल्याच पट्ट्यात, सुदुंबऱ्याला आहे. असे प्रशिक्षित लोकही रस्ता तपासल्याशिवाय वाहन पुढे घालत नाहीत. हा धडा घेण्यासारखा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फोर बाय फोर गाडी चालू होताना आणि चढताना मदत करते. थांबताना करीत नाही. ब्रेक तर प्रत्येकच मोटारीत चारही चाकांना असतात. ओल्या रस्त्यावर "आपली गाडी फोर बाय फोर आहे" या भरवशावर वेग वाढवणाऱ्याची फसगत होते.

व्यापाऱ्याचा हिशेब

आता मुद्द्याचा प्रश्न. घ्यावी की न घ्यावी? आम्ही उदाहरणादाखल एक हिशेब देतो. आकडे आपापल्या कोटेशनप्रमाणे बदलून घ्यावेत.

समजा, त्याच गाडीचे फोर बाय फोर मॉडेल दोन लाख रुपयांनी महाग आहे आणि गाडी पाच वर्षे वापरायची आहे. एखादा कंत्राटदार पाणीपुरवठ्याची किंवा विजेच्या खांबांची कामे घेतो आणि वर्षातले ३० दिवस त्याला डांबर सोडून जावे लागते. पाच वर्षांत १५० दिवस झाले. दिवसाला सुमारे १,३३३ रुपये पडले. माणसे आणि अवजारे वेळेवर कामावर पोचत असतील तर हा खर्च परवडतो.

दुसरा भाऊ महाळुंगे ते भोसरी सुटे भाग पोचवतो आणि वर्षातून पाच दिवस शेतावर जातो. त्याचे पाच वर्षांत २५ दिवस झाले. दिवसाला ८,००० रुपये पडले. तेवढ्यात त्याला दर वेळी ट्रॅक्टर भाड्याने मिळेल आणि वर पैसे उरतील. त्याने साधी टू व्हील ड्राइव्ह गाडी घ्यावी आणि उरलेली रक्कम धंद्यात घालावी. जास्त वजन आणि फिरणारे जास्त भाग यांमुळे इंधनही जास्त लागते, तो खर्च या हिशेबात आम्ही धरलेलाही नाही.

सहकुटुंब घाटातून, ओल्या रस्त्यावरून वारंवार लांबचा प्रवास असेल तर ऑल व्हील ड्राइव्ह बरी. कच्च्या रस्त्यावर नित्य काम आणि मागे ट्रॉली असेल तर 'लो' गिअरची लॅडर फ्रेम गाडी बरी. दोन्हींपैकी काही नसेल तर चांगले टायर हीच खरी खरेदी. झिजलेल्या टायरची फोर बाय फोर गाडी चिखलात नव्या टायरच्या साध्या गाडीपुढे हात टेकते.

जुनी गाडी घेताना

सेकंड हँड बाजारात जुन्या जिप्सी, जुन्या जीपगाड्या आणि पिंपरीला १९९८ पासून बनलेल्या जुन्या सफारीची फोर बाय फोर मॉडेले अजून दिसतात. येथे एक सावधगिरी. २०२१ साली आलेल्या नव्या सफारीची फक्त पुढची चाके चालतात. नाव तेच असले तरी रचना तीच समजू नये.

गाडी पाहताना ती मातीच्या जागेवर नेऊन 'फोर एच' आणि 'फोर एल' दोन्ही लावून पाहावे. पुढची चाके खरोखर ओढतात की नाही, हे खाली उतरून पाहावे. डिफरन्शिअलचे तेल दुधासारखे पांढुरके असेल तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे आहेत का, हे पाहावे. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत ही बाब विशेष महत्त्वाची आहे. बॉडी किंवा चौकट बदललेली असेल तर नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, आणि अपघातानंतर विम्याच्या वेळी तोच बदल आडवा येतो.

घेतल्यावर महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर फोर बाय फोर लावून चालवावी. न वापरलेली यंत्रणा गरजेच्या दिवशी लागत नाही.

तरुणांसाठी एक वाट

गॅरेज, टायर आणि वेल्डिंगच्या धंद्यात आपले कितीतरी तरुण आहेत. इंजिन उघडणारा कारागीर गल्लोगल्ली मिळतो. ट्रान्सफर केस, हब आणि डिफरन्शिअल लॉक समजून दुरुस्त करणारा मात्र शोधावा लागतो. जून २०२५ मध्ये टाटांनी हॅरियरच्या विजेवरील मॉडेलात पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटारी दिल्या. त्यात दोन एक्सलना जोडणारा शाफ्टच नाही. म्हणजे पुढील काळात पाना आणि मीटर, दोन्ही हातात धरणाऱ्या कारागिराला मागणी राहील. ज्या पट्ट्यात या गाड्या बनतात, तेथील तरुणांनी हे ज्ञान सर्वांआधी मिळवावे.

सारांश असा की आधी रस्ता पाहावा, मग वर्षातले दिवस मोजावेत आणि शेवटी गाडी निवडावी. शेजाऱ्याच्या दारात काय उभे आहे हे पाहून घेतलेली गाडी त्याच्याच रस्त्यावर चालते, आपल्या धंद्याच्या रस्त्यावर चालेलच असे नाही.