परगावच्या शाळेतली दोस्ती

प्रश्न : कागल पंचतारांकित एमआयडीसीत बदली झालेल्या पालकांचा मुलगा वर्गातल्या दोन एकलकोंड्या मुलांतच रमतो, हे काळजीचे आहे का?

उत्तर : मुळीच नाही. समवयस्क गट, म्हणजे एका वयाच्या मुलांचे आपापसांत जमलेले टोळके, नवख्याला सामावून घ्यायला वेळ लावतो आणि तोवर असे एकदोन मित्रच त्याचा खरा आधार असतात. अविनाश अरुण दिग्दर्शित ‘किल्ला’ (२०१५) या चित्रपटात वडील गमावलेला चिन्मय आईच्या बदलीमुळे कोकणात येतो, वात्रट बंड्याच्या टोळीत शिरतो, सायकलींच्या शर्यतीनंतर भर पावसात किल्ल्यावर एकटाच मागे राहिल्याने दुखावतो, आणि तरीही ती दोस्ती पुन्हा जुळते. पालकांनी मित्र निवडून देऊ नयेत, मुलाच्या त्या दोन मित्रांना घरी जेवायला बोलवावे. मुलगा शाळा टाळू लागला, तरच वर्गशिक्षकांना भेटावे.