पथ्याचा कागद आणि घरची चूल

रुग्णाने काय खावे व काय वर्ज्य करावे याची यादी करून दिली म्हणजे आहारतज्ज्ञाचे काम संपले, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ते पथ्य रुग्णाच्या घरच्या चुलीपर्यंत पोहोचविणे हे त्या कामाचे अधिक कठीण अंग होय. म्हणूनच आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णालयात प्रत्यक्ष उमेदवारी करावी लागते.

बंगळूरच्या एखाद्या रुग्णालयात अशी एक विद्यार्थिनी उमेदवारी करीत आहे अशी कल्पना करावी. तिच्यासमोर मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचा एक वृद्ध रुग्ण आहे. त्याच्या रक्तातील पोटॅशियम वाढले आहे. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात हे प्रमाण दर लिटरला सुमारे ३.५ ते ५ मिलिमोल असते. अन्नातून येणाऱ्या पोटॅशियमपैकी सुमारे नऊ-दशांश भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात. ती दुबळी झाली म्हणजे पोटॅशियम रक्तात साचते, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते आणि प्रसंगी हृदय एकाएकी बंद पडते.

पोटॅशियमचे क्षार पाण्यात विरघळतात. म्हणून पथ्याच्या कागदावर लिहिलेले असते : भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावी व ते पाणी काढून टाकावे. रुग्णाची पत्नी हे ऐकून मान डोलावते. पण विद्यार्थिनी तेवढ्यावर न थांबता विचारते, “अम्मा, घरी भाजी उकडल्यावर त्या पाण्याचे तुम्ही काय करता?”

“बस्सारु करते. ते पाणी कोणी टाकून देते का?”

या एका उत्तरात सारा धोका उघड होतो. कर्नाटकात पालेभाजी व कडधान्य एकत्र शिजवून त्यांचे पाणी निथळून घेतात व त्यास वाटलेला मसाला लावून बस्सारु नावाचे सार करतात. महाराष्ट्रात पुरणाच्या डाळीच्या कटाची आमटी होते, तशीच ही रीत. नाचणीच्या पिठाचा शिजवून केलेला गोळा, म्हणजे मुद्दे, या सारात बुडवून खातात. निरोगी माणसास हे पाणी पौष्टिकच आहे. या रुग्णास मात्र भाजीतून काढलेले पोटॅशियम वाटीतून परत मिळते.

मग उपाय कोणता? घराची रीत मोडण्याचे कारण नाही. इतरांनी बस्सारु खुशाल खावे. रुग्णापुरते सार ताज्या पाण्यात, ठरवून दिलेल्या मापाचीच डाळ घालून, वेगळे करावे. तांदळापेक्षा नाचणीत पोटॅशियम बरेच अधिक असल्यामुळे मुद्द्याचेही माप ठरवावे. अशक्तपणावर म्हणून दिले जाणारे शहाळ्याचे पाणी त्यास देऊ नये. त्याच्या एका पेल्यात सुमारे ४०० ते ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठही टाळावे, कारण त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते.

मूत्रपिंडाच्या प्रत्येक रुग्णास हे पथ्य लागू नाही. ते रक्ततपासणी पाहून वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावयाचे असते. परंतु विद्यार्थिनीला मिळालेला धडा सर्वत्र लागू आहे. काय वर्ज्य करावे हे सांगण्यापूर्वी घरात काय शिजते, कसे शिजते आणि उरलेल्याचे काय होते, हे विचारले पाहिजे.